कॅप बसवल्यावर हिरडी लाल का राहते? मेटल, सिरॅमिक, झिरकोनिया अन् आपली हिरडी

पोळ्याला गावी गेलो होतो. बैल फिरवून झाले, पुरणपोळीचं जेवण झालं अन् मोठ्या आईनं मला ओसरीत एका बाजूला बोलावून वरचा ओठ बोटानं वर सारला. "पाय बाबू, तू दाताचंच काम करतं न. हे कॅप बसोली तवापासून इथं लाल लाल राह्यते, चूळ भरली का गुलाबी पाणी."

मोबाईलचा टॉर्च लावून बघितलं. सुळ्याच्या मागच्या दातावर मेटल-सिरॅमिकची कॅप, अन् फक्त तिच्याच भोवती हिरडीची लालभडक, फुगलेली, चकचकीत पट्टी, जशी कोणी कुंकवाची रेघ ओढली. शेजारच्या दातांची हिरडी मात्र फिकी गुलाबी अन् तिच्यावर बारीक बारीक खड्डे. दाताच्या पुस्तकात निरोगी हिरडीला संत्र्याच्या सालीची उपमा देतात, अन् आमच्या वरूड-मोर्शीकडच्या माणसाला ती साल काही वेगळी समजावून सांगायला नको. सगळ्यांच्याच हिरडीवर हे खड्डे दिसतात असं नाही, पण ज्यांच्या दिसतात त्यांची हिरडी सुजली की आधी ती साल गुळगुळीत होते. मोठ्या आईची झाली होती.

"स्वस्तवाली बसोली म्हणून झालं काय रे हे? महागाची बसवाले पाह्यजे होती काय?"

हा प्रश्न मला लग्नात, एसटीत, आठवडी बाजारात सगळीकडे विचारतात, कारण मी अमरावतीला एका डेंटल लॅबमध्ये एकोणीस वर्षांपासून कॅपा बनवून राहिलो. मी डॉक्टर नाही. दवाखान्यातून दाताचं माप येतं, त्यावर आम्ही कॅप बनवतो अन् परत पाठवतो, म्हणजे जी वस्तू तुमच्या हिरडीला रात्रंदिवस चिकटून राहणार ती आधी माझ्या टेबलावर असते. म्हणून म्हटलं एकदा नीट लिहूनच काढावं.

उत्तर आधीच सांगून टाकतो. मटेरियलनं फरक पडतो, पण लोक समजतात त्या वाटेनं नाही पडत. निकेलची ॲलर्जी असलेली माणसं सोडली, त्यांच्याबद्दल पुढं सांगतो, तर बाकीच्यांच्या हिरडीला धातू किंवा सिरॅमिक स्वतः होऊन फारसं काही करत नाही. पण कॅपची कड कुठं ठेवावी लागते, कॅप किती जाड होते, तिचा पृष्ठभाग किती गुळगुळीत राहतो, हे बरंचसं मटेरियलवरून ठरतं, अन् हिरडीचं सगळं भलंबुरं ह्या गोष्टींवर अवलंबून आहे. आता एकेक करून बघू.

आधी हिरडी दाताला धरते कशी ते समजून घ्या. दात जिथं हिरडीतून बाहेर येतो तिथं दोघांच्या मध्ये एक बारीक खाच असते. डॉक्टर खुणा असलेली पातळ सळई त्यात घालून मोजतात, 1 ते 3 मिलिमीटर आली तर ठीक समजतात. त्या खाचेच्या तळापासून खाली हाडापर्यंत हिरडी दाताला खरोखरची चिकटलेली असते, अन् 1961 मध्ये गार्गिउलो अन् त्यांच्या सहकाऱ्यांनी मृत माणसांच्या जबड्यांवर ही चिकटलेली पट्टी मोजली तेव्हा ती सरासरी 2.04 मिलिमीटर भरली. तुरीच्या डाळीच्या जाडीएवढी जागा, पण शरीर तिच्याबाबतीत फार हट्टी आहे. ही पट्टी म्हणजे शेताचा धुरा, म्हणजे बांध समजा. शेजाऱ्यानं धुऱ्यावर नांगर घातला की भांडण पेटतं, तसंच कॅपची कड ह्या दोन मिलिमीटरमध्ये घुसली की हिरडी पेटते, अन् मग ती सूज ब्रश करून, गोळ्या खाऊन, मिठाच्या गुळण्या करून जात नाही. शरीर काय करतं, हाड खाली नेतं अन् तो दोन मिलिमीटरचा धुरा खाली सरकवून पुन्हा आखून घेतं. ज्याची हिरडी पातळ त्याची खाली उतरते अन् दात लांब दिसायला लागतो, ज्याची जाड त्याची तिथंच फुगून राहते अन् खाच खोल होत जाते. आता ही घुसलेली कड सोन्याची असो, झिरकोनियाची असो, हिरडीला सारखीच.

मग मटेरियल कुठून आलं मध्ये? तर असं. मेटल-सिरॅमिक म्हणजे आपल्याकडं ज्याला नुसतं सिरॅमिक कॅप म्हणतात ती. आत धातूची पातळ टोपी, वरून दाताच्या रंगाचं सिरॅमिक भट्टीत भाजून चढवलेलं. हे धातूवर सिरॅमिक पक्कं बसवण्याचं पेटंट अमेरिकेत 1962 मध्ये वाइनस्टाइन अन् सहकाऱ्यांना मिळालं, त्याआधीच्या नुसत्या सिरॅमिकच्या कॅपा दाढेच्या दाबाखाली तडकायच्या. चांगली, मजबूत चीज आहे ही, मी हजारो बनवल्या. पण धातूचा रंग करडा. तो झाकायला आम्ही आधी एक पांढरा घट्ट लेप देतो ज्याला ओपेक म्हणतात, मग त्यावर दाताच्या रंगाचे थर. कॅपच्या मधोमध ह्या सगळ्याला जागा मिळते, कडेला मिळत नाही, तिथं तर कॅप कागदासारखी पातळ करायची असते. म्हणून कडेला करडी रेघ दिसते. पेशंट म्हणतो रेघ दिसायला नको, डॉक्टर कड हिरडीच्या खाली लपवतात, आमच्याकडं चिठ्ठीवर लिहून येतं की मार्जिन, म्हणजे कड, खाली ठेवा, अन् तिथूनच त्या नाजूक धुऱ्याकडं वाटचाल सुरू होते. नॉर्वेच्या सिलनेस यांनी 1970 मध्ये ब्रिज अन् कॅप बसवलेल्या पेशंटच्या हिरड्या तपासून दाखवलं होतं की कड हिरडीच्या खाली असलेल्या दातांची हिरडी वर कड असलेल्यांपेक्षा जास्त खराब असते. म्हणजे मेटल-सिरॅमिकचं नुकसान धातूपेक्षा तो धातू लपवण्याच्या नादात जास्त होतं, हे मला ह्या लेखात सगळ्यात आवर्जून सांगायचं आहे.

आता विचार करा, मागच्या दाढेची रेघ कोणाला दिसणार आहे? गालाच्या आतल्या दाढेवर कड हिरडीच्या वर, उघड्यावर, ब्रश पोहोचेल अशी ठेवली तर धातूची कॅपसुद्धा वर्षानुवर्षं हिरडीला त्रास न देता राहते. जुन्या लोकांच्या तोंडात पूर्ण धातूच्या कॅपा बघा, दिसायला काळपट पण भोवतालची हिरडी कित्येकदा छान असते. अर्थात दात आधीच हिरडीच्या खालपर्यंत किडलेला किंवा तुटलेला असेल तर कड खाली न्यावीच लागते, तिथं इलाज नसतो, मग काही वेळा डॉक्टर हिरडी-हाडाची छोटी शस्त्रक्रिया करून दात वर मोकळा करून घेतात अन् मगच कॅप करतात. तुम्हाला हे सुचवलं तर पैसे काढायचा धंदा समजून उठून येऊ नका, तो धुरा वाचवायचाच मार्ग आहे.

झिरकोनिया म्हणजे एक फार मजबूत सिरॅमिकच, अन् त्याचं भाव खाणं इथं समजतं. तो आतून-बाहेरून पांढरा, लपवायला करडं काही नाहीच, म्हणून कड हिरडीच्या बरोबरीला किंवा वर ठेवली तरी वाईट दिसत नाही. शिवाय तो मजबूत असल्यानं पातळ बनवता येतो. आमच्या लॅबमध्ये तो खडूसारख्या पांढऱ्या गोल चकतीच्या रूपात येतो, मशीन त्यातून कॅप कोरून काढते, अन् ती कॅप मुद्दाम वीस-पंचवीस टक्के मोठी कोरतात कारण नंतर भट्टीत साधारण 1,500 डिग्रीला भाजली की ती आकसते. कुंभार जसा ओलं मडकं मोठं घडवतो, कारण वाळून-भाजून ते लहान होणार हे त्याला माहीत असतं, तसंच. भट्टीतून निघाल्यावर ती घट्ट, जड, गार लागते हाताला. नीट पॉलिश केलेल्या झिरकोनियाला हिरडी छान राहते, त्यावर जंतूंचा थरही सहजासहजी धरत नाही. पण नीट पॉलिश केलेल्या हे शब्द लक्षात ठेवा.

कारण आता येतो गुळगुळीतपणा. हिरडी सुजवणारा खरा गुन्हेगार म्हणजे दातावरचा तो पांढुरका चिकट थर, प्लाक. 1965 मध्ये डेन्मार्कला ल्यो अन् त्यांच्या सोबत्यांनी 12 धडधाकट लोकांना ब्रश करणं बंद करायला लावलं, दहा दिवस ते तीन आठवड्यांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या, परत घासायला लावलं तर सगळ्यांच्या बऱ्या झाल्या. इतकं साधं आहे ते. आता हा थर खडबडीत जागेवर जास्त धरतो, जशी शेवाळ घासलेल्या फरशीपेक्षा खरबरीत दगडावर धरते. 1997 मध्ये बेल्जियमच्या संशोधकांनी सगळा अभ्यास एकत्र करून एक आकडा सांगितला, 0.2 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). पृष्ठभागाचा खडबडीतपणा ह्याच्या वर गेला की थर वाढत जातो, ह्याच्या खाली कितीही चमकवलं तरी आणखी फायदा होत नाही. भट्टीतून निघालेलं ग्लेझ केलेलं, म्हणजे वरून भाजून चकचकीत केलेलं सिरॅमिक काचेसारखं असतं, कधी कधी खऱ्या दातापेक्षाही गुळगुळीत, त्यावर थर कमीच बसतो. पण कॅप बसवताना तुम्ही म्हणता डॉक्टर उंच लागून राहिली, डॉक्टर मशीननं घासून देतात, अन् तिथली सगळी चमक जाते. झिरकोनियाचंही तेच, घासलेला अन् न चमकवलेला झिरकोनिया तर समोरच्या खऱ्या दातालाही झिजवतो. घासल्यावर रबरच्या पॉलिशरनं ती जागा पुन्हा गुळगुळीत करायची असते, किंवा आमच्याकडं परत ग्लेझ करायला पाठवायची असते. बहुतेक डॉक्टर करतात. गर्दीत राहून गेलं तर जीभ फिरवून बघा, खरबरीत लागलं तर तिथल्या तिथं सांगा.

आता फट. कॅप कितीही चांगली असली तरी ती अन् दात ह्यांच्या मध्ये कडेला थोडी फट राहतेच, ती सिमेंटनं भरलेली असते. 1971 मध्ये मॅक्लीन अन् फॉन फ्राउनहोफर यांनी हजाराहून जास्त कॅपा अन् फिलिंगं पाच वर्षं बघून 120 मायक्रॉनपर्यंतची फट चालते असं सांगितलं, तो आकडा आजही सगळे धरतात. आपला केस साधारण 70-80 मायक्रॉनचा असतो, म्हणजे दीड केस. अन् जंतू असतो एक-दोन मायक्रॉनचा, त्याला ती फट म्हणजे गोठ्याचं दार. फट जितकी मोठी तितकं सिमेंट लाळेनं लवकर धुऊन जातं, तिथं घाण साचते, हिरडी सुजते अन् आतून दातही किडतो.

ही फट मोठी होते कुठं, ते मी रोज बघतो. आमच्या लॅबला माप गावोगावच्या दवाखान्यांतून येतं, एसटीच्या पार्सलमधून, ट्रॅव्हल्सच्या डिक्कीतून. एक माप असतं अल्जिनेटचं, गुलाबी-पांढरी पावडर पाण्यात कालवून घेतलेलं. त्यात पाणीच पाणी असतं, अन् पाणी उडालं की ते आकसतं. मे महिन्यात 45 डिग्रीत सिरोंचा किंवा धारणीकडून निघालेलं अल्जिनेट आमच्यापर्यंत येते तोवर उन्हात ठेवलेल्या पापडासारखं कडेनं वाकलेलं असतं, त्यात प्लास्टर ओतून मिळालेला दात तुमचा नसतोच, तुमच्या दातासारखा दुसराच कोणाचा असतो. ते तासाभरात, जमलं तर त्याहून आधी ओतायला हवं. दुसरं माप असतं रबरासारखं, सिलिकॉनचं, पुट्टी अन् पातळ मटेरियल मिळून. ते चांगल्या प्रतीचं असेल तर कित्येक दिवस जसंच्या तसं राहतं, प्रवास सोसतं. महाग पडतं, पण कॅपसाठी तेच हवं. आता काही दवाखान्यांत तोंडातच कॅमेऱ्यानं स्कॅन करतात अन् फाईल मोबाईलवर येते, त्याला ऊनही लागत नाही अन् एसटीही लागत नाही.

अन् माप कोणतंही असो, त्यात कड दिसली पाहिजे. हे माझं रोजचं दुखणं आहे म्हणून जरा लांबवतो. प्लास्टरचा दात हातात आला की मी भिंगाखाली धरून लाल पेन्सिलनं त्याची कड आखतो, गोल फिरवत. चांगल्या मापात ती कड अशी स्वच्छ दिसते की पेन्सिल आपोआप चालते. पण हिरडीतून रक्त येत असताना माप घेतलं, किंवा हिरडी बाजूला सारायला तो बारीक दोरा घालायचा राहिला, तर कडेच्या जागी नुसता गोळा उमटतो, बुडबुडा, फाटलेली किनार. पेन्सिल तिथं येऊन थांबते. अशा वेळी माप परत मागवावं लागतं. कित्येकदा दवाखान्यातून फोन येतो की पेशंट लांबून येते, परत बोलावता नाही येत, अंदाजानं करून द्या. सुरुवातीच्या काही वर्षांत मी करून दिल्या अशा, अन् त्याचा मला आजही त्रास होतो, कारण तो अंदाज कोणाच्या तरी हिरडीत बसलेला आहे. आता नाही करत. म्हणून दवाखान्यातून परत माप द्यायला बोलावलं तर चिडू नका, जाऊन या, तिकिटाचे शंभर-दीडशे वाचवून पुढची दहा वर्षं रक्त थुंकण्यात काही हशील नाही.

जाडीचं थोडक्यात सांगतो. मेटल-सिरॅमिकला दात समोरून साधारण दीड मिलिमीटर घासावा लागतो, नाही तर थरांना जागा मिळत नाही अन् मग आम्ही कॅप फुगवतो. फुगलेली कॅप हिरडीवर छपरासारखी येते, तिच्या वळचणीखाली ब्रश जातच नाही. झिरकोनिया अन् पूर्ण धातूला कमी जागा पुरते. दात जास्त घासू नका डॉक्टर असं पेशंट कळवळून म्हणतो, ते मी समजू शकतो, पण हवा तेवढा न घासलेल्या दाताची किंमत हिरडी भरते.

आता निकेल. बऱ्याच मेटल अन् मेटल-सिरॅमिक कॅपांच्या आतला धातू निकेल-क्रोमियमचा असतो, स्वस्त पडतो म्हणून. क्रोमियम वरून एक न दिसणारी पापुद्री तयार करतं अन् धातूला गंजू देत नाही, पण तरी लाळेत थोडं थोडं निकेल सुटत राहतं. बहुतेकांना काही होत नाही. पण निकेल ही जगात सगळ्यात जास्त आढळणारी धातूची ॲलर्जी आहे, अन् बायकांमध्ये पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त, कारण लहानपणी कान टोचून घातलेले नकली डूल. आमच्या शेजारच्या वहिनींना जत्रेतले झुमके घातले की दोन दिवसांत कानाच्या पाळ्या ओलसर होऊन खाजायच्या, घड्याळाच्या पट्ट्याखाली पुरळ यायचं. त्यांच्या कॅपभोवतीची हिरडी वर्षभर लाल, जळजळणारी, अन् स्वच्छता त्यांची इतकी की डॉक्टरला घाण सापडेना. शेवटी मेडिकल कॉलेजच्या त्वचा विभागात पाठीवर पट्ट्या चिकटवून टेस्ट केली, दोन दिवसांनी पट्ट्या काढून अन् नंतर पुन्हा एकदा बघतात, निकेलच्या जागी लाल फोड. कॅप काढून झिरकोनियाची बसवली, हळूहळू शांत झाली हिरडी.

तर ओळखायची खूण अशी, प्लाकच्या थरामुळे आलेली सूज नीट सफाई केली की दोन-तीन आठवड्यांत उतरायला लागते, ॲलर्जीची उतरत नाही, अन् ती कॅप जिथं जिथं टेकते तिथं सगळीकडून असते. नकली दागिना सोसत नसेल तर कॅपच्या आधीच डॉक्टरला सांगा. मेटलच हवं तर कोबाल्ट-क्रोमियमचं घेता येतं, लेझरनं पावडर वितळवून बनवतात ती डीएमएलएस कॅप बहुतेक त्याचीच असते, त्यात सहसा निकेल नसतं. कोबाल्टचीही ॲलर्जी काहींना असते म्हणून टेस्टमध्ये तेही बघून घ्यावं. एक गोष्ट लॅबच्या आतली, वितळवून उरलेला धातू पुन्हा पुन्हा वापरला तर त्याची गंज सोसायची ताकद कमी होते. निदान अर्धा धातू तरी नवा घ्यावा असा नियम आम्ही शिकलेलो आहोत. अन् बाजाराच्या दिवशी चौकात पेटी मांडून बसणाऱ्याकडून दात बसवून घेणारे अजूनही आहेत, तो पावडर अन् तिचं लिक्विड कालवून तोंडातच ॲक्रिलिक, म्हणजे एक प्लास्टिक, घट्ट करतो, ते हिरडीवरून थापलेलं असतं, सच्छिद्र असतं, काढता येत नाही अन् घासताही येत नाही. त्याखालची हिरडी मी मापांमध्ये बघितली आहे, कुजलेली. कृपा करून नका जाऊ तिथं.

ॲक्रिलिकवरून आठवलं, तात्पुरती कॅप. पक्की बनेपर्यंत दोन-तीन आठवडे दाताला झाकायला प्लास्टिकची कॅप देतात. ती मुळातच थोड्या दिवसांसाठी, खरबरीत, लवकर वास धरणारी. पण आपल्याकडं रूट कॅनाल होतं जुलैमध्ये अन् कॅपचे पैसे येतात कापूस निघाल्यावर, मग ती प्लास्टिकची टोपी चार-पाच महिने तोंडात राहते अन् हिरडी तिच्या कडेवर चढून बसते. नंतर माप घेताना रक्त येतं, माप बिघडतं, कड बिघडते, सगळं एकामागून एक. पैशाची अडचण खरी आहे, ती मला कोणी सांगायला नको, माझ्याही घरी तेच चक्र. तर डॉक्टरशी आधीच बोला की अमुक महिन्यात पैसे होतील, ते त्या हिशोबानं दात मजबूत भरून ठेवतील. अन् नागपूरचं शासकीय दंत महाविद्यालय, वर्ध्याजवळ सावंगी मेघेचं डेंटल कॉलेज, अशा ठिकाणी खर्च पुष्कळ कमी येतो. फेऱ्या जास्त होतात हे खरं, पण काम वरच्या डॉक्टरांच्या नजरेखाली होतं.

खर्ऱ्याबद्दल लिहिल्याशिवाय विदर्भातल्या हिरडीवरचा लेख पुरा होऊच शकत नाही. तंबाखू, सुपारी, चुना गालात जिथं धरून ठेवता त्याच जागची हिरडी खाली उतरते, अन् कॅपची कड उघडी पडते, मग लोक म्हणतात कॅप खराब होती. बिडी-सिगरेटमध्ये आणखी वाईट, तंबाखूमुळे रक्तवाहिन्या आकसतात, हिरडी आतून बिघडत असते पण रक्त येत नाही, म्हणजे इशाराच बंद. मिश्री अन् गुडाखू हीपण तंबाखूच आहे, मंजन नाही. अन् राखुंडीनं ग्लेझही घासलं जातं अन् उघडं पडलेलं मूळही. साखरेची बिमारी असेल तर हिरडी लवकर सुजते अन् सुजलेली हिरडी साखर वाढवते, दोघं एकमेकांना ओढतात.

मोठ्या आईकडं परत येतो. मी विचारलं, तिथं ब्रश फिरवते काय? "नाही बाप्पा, रक्त येते न, मंग तिथं हातच लावत नाही." बऱ्याच घरांत हेच चालतं अन् हेच उलटं आहे, रक्त येतं म्हणून घासणं बंद, घासणं बंद म्हणून जास्त रक्त. पण तिच्या बाबतीत तेवढंच नव्हतं. तिला डॉक्टरकडं नेलं, एक्स-रे काढला, तर कड थोडी खोल होतीच पण धुऱ्यात घुसलेली नव्हती, अन् हिरडीच्या आत अडकलेला निघाला सिमेंटचा तुकडा. तिळाएवढा, पिवळट, एका बाजूनं खरबरीत. कॅप चिकटवताना जास्तीचं सिमेंट बाहेर येतं, ते सगळं काढायचं असतं, अन् कड खाली असली की एखादा कण आत राहून जातो, दिसतच नाही. तो कण म्हणजे हिरडीत घुसलेली बाभळीची काडीच. डॉक्टरनी काढला, साफ केलं, दोन दातांच्या मधला छोटा ब्रश दिला अन् कॅपच्या कडेला ब्रश तिरपा धरून हलक्या हातानं फिरवायचं दाखवलं.

दिवाळीला गेलो तेव्हा लाली गेली होती. पण मोठी आई नाराज होती. सूज उतरल्यावर हिरडी आपल्या जागी गेली अन् कॅपच्या वर जी करडी रेघ झाकलेली होती ती दिसायला लागली. तिला वाटलं दात सडला. मी सांगितलं, हा आतला धातू आहे, डॉक्टरनी सळई लावून कीड नाही हे बघितलं आहे, अन् ती रेघ दिसते म्हणजे तिथं तुझा ब्रश पोहोचते. थोडा वेळ आरशात बघत राहिली. मग म्हणे, "मंग हे अशीच राहू दे. बदलाले नको."

कॅप घेताना एक चिठ्ठी किंवा कार्ड मागून घ्या, कशाची बनली आहे ते लिहिलेलं. बऱ्याच झिरकोनिया कॅपांसोबत वॉरंटी कार्ड येतं, मेटलवाल्यांसोबत डॉक्टरला सांगून लिहून घ्या, निकेल आहे की नाही तेही. पुढं कधी त्रास झाला तर नव्या डॉक्टरला अंदाज करत बसावं लागत नाही. मोठ्या आईची चिठ्ठी मी लॅबमधून लिहून नेली, ती तिनं रेशन कार्डाच्या पिशवीत ठेवली आहे.